देवबागची पेटी : दुरुस्तीच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२५

पेटी (हार्मोनियम) ताब्यात घेतली. सागवानी खोकं, ३९ पट्ट्या, खर्ज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (त्याच्या वरचा) अशी दोन सुरांची, म्हणजे आत ७८ सूर. सूर म्हणजे पितळी चौकट आणि तिच्यात हवेने थरथरणारी जीभ. बाहेरचा भाता पाच घड्यांचा. गाव देवबाग: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्या हवेतल्या पेटीत लोखंडाचं काय झालं असेल हे झाकण न उघडताही कळतं. बिजागरीच्या स्क्रूंची डोकी नखाने सुटतात.

घरच्यांनी सांगितलेले दोष तीन. "वारो धरणा नाय." "खर्जातले दोन सूर मुके." "एक सूर लागानच ऱ्हवता." आणि मागणी: "आवाज तोच ऱ्हवाक व्हयो."

कामाची आखणी या मागणीवरूनच ठरली. पेटीचा आवाज पितळी सुरांत, सूर बसतात त्या फळीत आणि खोक्याच्या लाकडात असतो. कातडं, फेल्ट, स्प्रिंगा आणि सरस झिजायलाच बसवलेले असतात. ते बदलून पेटी परकी होत नाही. सूर सरसकट बदलले की मात्र जुन्या खोक्यात दुसरी पेटी येऊन राहते. नवा सेट टाकणं कमी वेळाचं काम आहे, बाजारात तेच चालतं. इथे तुटलेला सूर सोडून एकही बदलायचा नाही.

७ नोव्हेंबर

उघडण्याआधीची मोजमापं. हे टाळलं की नंतर "आधी कसं होतं" याला उत्तर राहत नाही.

हवा: सगळ्या खुंट्या (हवेच्या वाटा उघडायच्या-मिटायच्या ओढण्या) बंद करून भाता मारला, आतला भाता पूर्ण भरला आणि सोडला. ४ सेकंदांत बसला. आमच्याकडे २५ सेकंदांच्या खाली पेटी बाहेर जात नाही. उदबत्ती कडेकडेने फिरवली. धूर बाहेरच्या भात्याच्या कोपऱ्यांशी आणि बिजागरीच्या शिवणीशी उडतो. सुरांच्या फळीच्या डाव्या टोकालाही हलतो, ही नको असलेली बातमी.

दाब: गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल-नळी यू आकारात धरून, एक तोंड एका रिकाम्या खुंटीच्या भोकात बसवलं. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक ४८ मिलिमीटर. आतल्या भात्याच्या स्प्रिंगा थकल्या आहेत.

स्वर: वाजणारे सगळे सूर मीटरवर घेतले (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). मधल्या सप्तकात नराचे सूर ४४० हर्ट्झ या प्रमाण स्वराच्या हिशेबापेक्षा सरासरी १८ सेंट वर, म्हणजे ४४४.६ हर्ट्झच्या आसपास. खर्ज मात्र विस्कटलेला, काही सूर अपेक्षेपेक्षा ३० सेंटपर्यंत उतरलेले. याचं कारण बहुतेक कळंक, म्हणजे पितळेवर चढलेला हिरवट थर.

पट्ट्यांची झीज पाहिली. काळ्या पट्ट्यांपैकी काळी चार (सप्तकातली चौथी काळी), काळी एक आणि काळी दोन यांचा काळा रंग मधोमध उडून तपकिरी लाकूड दिसतं. काळी चार षड्ज धरली तर काळी एक मध्यम आणि काळी दोन पंचम. गाणारा कुठल्या पट्टीत गात होता हे कुणी सांगायची गरज नाही. या तीन पट्ट्यांना रंग लावायचा नाही, असं कामाच्या कागदावर लाल पेनने लिहिलं.

८ नोव्हेंबर

उघडली. पट्ट्यांचा संच बाहेर. खाली अक्षता, उदबत्तीची राख, गुलाल आणि एका आरतीपुस्तकाचा कोपरा. लागून राहणाऱ्या सुराचं कारण तिथेच सापडलं: पट्टीच्या मागच्या टोकाखालच्या झडपेत अक्षतेचा एक दाणा अडकून कातड्यात रुतलेला. गणपतीत आरतीला अक्षता पडतात तेव्हा पेटी उघडीच असते, त्यामुळे कोकणातल्या पेट्यांत हा दोष नेहमीचा. दाणा काढून भागत नाही, कातड्यात खड्डा राहतो आणि हवा तिथून निसटते.

मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत भात्याच्या कोपऱ्यांवर काळं रेक्झिन चढवलेलं आहे, पांढऱ्या गोंदाने. रेक्झिन घडीवर दुमडून दुमडून चिरतं. त्याहून वाईट म्हणजे ते काढताना गोंद पुठ्ठ्याचे पापुद्रे ओढून आणतो. सरसाने लावलेलं कातडं कोमट ओल्या फडक्याने दहा मिनिटांत सुटतं. पुढच्या दुरुस्तीवाल्याला वाट ठेवणं हा सरसाचा खरा गुण आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने भजनांच्या सुरुवातीच्या ओळी आणि प्रत्येकीपुढे पट्टी लिहिलेली. त्यावर पॉलिश, पाणी, स्पिरिट काहीही जाता कामा नये. बटरपेपर लावून कडा कागदी टेपने बंद केल्या. टेप लाकडावर, लिखाणापासून दोन बोटं लांब.

११ नोव्हेंबर

सूर काढायचे. प्रत्येक सुराच्या पितळी पट्टीला दोन स्क्रू, म्हणजे १५६ स्क्रू, सगळे लोखंडी आणि गंजलेले. खारी ओल असताना पितळेला टेकलेलं लोखंड आधी खाल्लं जातं, त्यामुळे सूर शाबूत आणि स्क्रू भुगा. जोर लावला तर डोकं तुटून देठ फळीत राहतो, किंवा फळीच चिरते. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर १५ ते २० सेकंद ठेवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग आधी किंचित घट्ट फिरवून मग उलट. तापल्याने स्क्रू फुगतो, गार होताना आक्रसतो आणि लाकडाशी धरलेला गंज सुटतो. ११ देठ तुटले. ते आतून पोकळ पितळी नळीच्या करवतीने भोवतीचं लाकूड कापून काढले.

हे काम पट्ट्यांच्या संचापासून लांब, दुसऱ्या टेबलावर. पांढऱ्या पट्ट्यांवरचं आवरण सेल्युलॉइडचं आहे. बोटाने जोरात घासलं की कापराचा वास येतो, ती त्याची खूण. सेल्युलॉइड भपकन पेट घेतं. त्याच्या आसपास आयर्न, हीट गन, बिडी काही नाही.

सूर थर्मोकोलच्या पाटीवर चिरा पाडून उभे केले, खर्ज वरच्या रांगेत, नर खाली, प्रत्येकाला क्रमांक. दिसायला सारखे असले तरी आपली जागा सोडून ते बसत नाहीत.

१४ नोव्हेंबर

सुरांची सफाई. लिंबू, चिंच, पितळ चकाकवणारी पेस्ट, सगळं बाद. आम्ल जिभेच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत शिरतं, तिथे ते धुता येत नाही, आणि फटीची कड खाल्ली गेली की सूर कायमचा हवा खातो. पेस्टचे कणही तिथेच बसतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. ब्रश नेहमी रिवेटकडून टोकाकडे. उलटा फिरवला तर केस जिभेखाली अडकून तिला उचलतो. चिवट कळंक बांबूच्या टोकदार काडीने. नंतर टिपकागदावर उन्हाशिवाय वाळवण.

कळंक जिभेच्या टोकाकडे बसला असेल तर तो वजन असतो, आणि सूर उतरतो. तो निघाला की सूर आपसूक चढतो. म्हणून सफाईआधी सूर लावणं म्हणजे पितळ फुकट खरवडणं. खर्जातले बहुतेक उतरलेले सूर नुसत्या सफाईने वर आले.

मुक्या दोघांपैकी एकाच्या फटीत लाकडाचा भुसा होता, तो बोलला. दुसऱ्याच्या जिभेला रिवेटजवळ आडवी केसासारखी चीर. भिंग आणि बाजूने टॉर्च धरल्याशिवाय दिसत नाही. तपासताना नरातला आणखी एक तसाच सापडला: वाजतो, पण अर्ध्या स्वराने उतरून, कर्कश. चिरलेली जीभ डाग (सोल्डर) देऊन टिकत नाही. दोन सूर बदलायचे.

१७ नोव्हेंबर

बदली सूर. नवे सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, चांगले येतात, पण या पेटीत एकच नवा सूर बाकीच्यांपेक्षा उजळ आणि मोठा बोलेल. भंगारातल्या दोन जुन्या पेट्यांचे सूर ठेवलेले आहेत, त्यांतून निवडले. जिभेची रुंदी आणि चौकटीची जाडी जुळली पाहिजे.

हव्या त्या स्वरापेक्षा थोडा खालचा सूर निवडला. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. जिभेवर सगळा ताण मुळाशी येतो, म्हणून मुळाशी पितळ काढणं म्हणजे पुढच्या चिरेची तयारी. चढवायचा सूर धोक्याचा नाही, उतरवायचा आहे.

१८ नोव्हेंबर

सुरांची फळी. धूर हलला होता तिथे, डाव्या टोकाला, दोन कप्प्यांमध्ये ७ सेंटिमीटरची चीर. हिच्यामुळे एक सूर दाबला की शेजारचा पुसट बोलतो. लाकडाचा भुसा आणि गोंद भरणं नेहमीचा उपाय, पण भुशाचा भराव पावसाळ्यात फळी फुगली की दाबला जातो आणि उन्हाळ्यात सुटतो. चीर चाकूने व्ही आकारात साफ केली, सागाची पाचर रेघेच्या दिशेने तासून सरसात बसवली, वरून ८ मिलिमीटर रुंद पातळ कातड्याची पट्टी. स्क्रूंची ढिली भोकं सागाच्या काड्यांनी भरली. आता सगळे स्क्रू पितळी.

२४ नोव्हेंबर

भाता. सामान: मेंढीचं कातडं, ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाडीचं, साडेचार चौरस फूट. पुठ्ठा २ मिलिमीटर. घट्ट विणीचं सुती कापड दीड मीटर. सरस १०० ग्रॅम.

सरस २०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवला. फुगून जेली झाली की दुहेरी भांड्यात ६० ते ६५ अंशांवर. थर्मामीटर भांड्यातच. ७० च्या वर गेला की ताकद उतरत जाते आणि उकळला तर फेकून द्यावा. समुद्राकाठच्या पेटीत सरसाला बुरशी येते, म्हणून लवंगेच्या तेलाचे चार थेंब. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, त्याने कसर लागत नाही हे खरं. पण कातड्याशी आणि पितळेशी मोरचूद नको.

दर घडीला बाहेरचे दोन कोपरे, पाच घड्यांचे दहा. हेच दहा तुकडे भात्याचं आयुष्य ठरवतात. कातडं कोणत्या दिशेने जास्त ताणलं जातं ते आधी ओढून पाहायचं. ताणाची दिशा कोपऱ्याच्या आडवी यावी, म्हणजे घडी उघडताना ते देतं. प्रत्येक तुकड्याची कड ६ मिलिमीटर आतपर्यंत कागदासारखी पातळ तासायची. जाड कड राहिली की भाता मिटताना तिथे गाठ येते आणि पहिली चीर त्या गाठीवर. कातडं लावताना भाता अर्धा उघडा हवा. पूर्ण मिटून लावलं तर उघडताना फाटतं, पूर्ण उघडून लावलं तर मिटताना बाहेर फुगून खोक्याला घासतं.

रेक्झिनखालचा पुठ्ठा दोन घड्यांत मऊ पडलेला होता, तेवढाच बदलला. बाकीचा जुनाच.

२७ नोव्हेंबर

आतल्या झडपा. हवा आत घेणारी कातडी पट्टी फक्त दोन टोकांना धरलेली असते आणि किंचित सैल. घट्ट ताणली तर उघडत नाही, भाता जड लागतो. फार सैल असेल तर मिटताना फडफडते, तो फट्-फट् आवाज पुष्कळांना भात्याचा वाटतो. जुन्या पट्ट्या वळून कडक झालेल्या. नव्या लावल्या, मऊ बाजू लाकडाकडे.

आतल्या भात्याच्या चार स्प्रिंगा बदलल्या. लेव्हल-नळीत आता ६८ मिलिमीटर. आणखी कडक स्प्रिंग घालून ८० पर्यंत नेता आलं असतं, आवाज मोठा झाला असता. पण खर्जाच्या जिभा जास्त दाबात उशिरा उठतात आणि डाव्या हाताला लवकर थकवा येतो.

घड्यांना शंखजिरं चोळलं. भाता बसायला ३१ सेकंद. फळी बसल्यावर पुन्हा मोजायचं.

३ डिसेंबर

पट्ट्या. ३९ झडपांचं फेल्ट कसरीने चाळणीसारखं केलेलं. जुनं फेल्ट-कातडं कोमट फडक्याने सोडवलं, झडपेचं लाकूड काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केलं. नवं लोकरी फेल्ट ३ मिलिमीटर, वर कातडं. फेल्टला सरस पूर्ण तळाला लावायचा नाही, दोन कडांना रेघ पुरे. पूर्ण लावला तर तो आत झिरपून फेल्ट दगड होतं.

बैठक तपासायला फळीवर खडूची पूड हलकी फुंकून पट्टी एकदा सोडायची. कातड्यावर भोकाभोवती पूर्ण चौकोन उमटला पाहिजे. कुठे तुटला तर तिथून हवा जाणार.

स्प्रिंगांची पोलादी तार गंजलेली, म्हणून फॉस्फर ब्राँझची ०.९ मिलिमीटर. ताण सारखा करायला दहा रुपयांची नाणी: एक साधारण ७.७ ग्रॅमचं. पट्टीच्या पुढच्या कडेवर ८ नाण्यांना दबू नये आणि १० नाण्यांना दबावी. म्हणजे साधारण ६२ ते ७७ ग्रॅमच्या मधे. द्रुत लयीत बोटांना हा फरक लगेच कळतो, डोळ्यांना कधीच नाही.

९ डिसेंबर

घरून निरोप: पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, नवीन पांढरं प्लॅस्टिक बसवता येईल का, आणि खोकं चकचकीत करता येईल का. त्याच दिवशी घरातल्याच दुसऱ्या व्यक्तीचा: काहीही घालवू नका.

पहिल्याला कळवलेलं कारण: नवं प्लॅस्टिक बसवायला जुनं आवरण खरवडून लाकूड १ मिलिमीटर उतरवावं लागतं, ते परत येत नाही. पिवळेपणा काही पट्ट्यांवर बोटांनी पडलेल्या खळग्यांसकट राहील. दोन सुटलेली आवरणं परत चिकटवली, एक कोपरा तुटलेला तसाच ठेवला, कड बोटाला लागू नये एवढी घासली.

खोकं: स्पिरिटने जुनं पॉलिश उतरवलं नाही. ओलसर कापडाने काजळी काढली, मग चपडा लाख ६० ग्रॅम ५०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवून, गाळून, सुती गोळ्याने पातळ हात. तीन हातांवर थांबलो. दमट दिवशी लाख पांढुरकी पडते, म्हणून सकाळी अकरानंतरच. चकाकी हवी असणाऱ्यांसाठी पीयू लॅकर असतं. ते या लाकडावर पुढच्या माणसाला काढता येणार नाही.

१६ डिसेंबर

सूर लावणं. आधी सूर कुठल्या उंचीला ठेवायचे ते. सफाईनंतर नराची सरासरी ४४० च्या वर २० सेंट, म्हणजे ४४५ हर्ट्झ. सगळं ४४० वर आणायचं तर जवळजवळ प्रत्येक जीभ मुळाशी खरवडावी लागेल. नकार. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला सूर बारीक हलवायची कळ असते, तबल्याला हातोडी आहे. ४४५ कायम.

जिभेची उचल आधी. टोक चौकटीच्या वर साधारण जिभेच्या जाडीएवढं हवं. कमी असेल तर जोरात भाता मारल्यावर सूर गुदमरतो, जास्त असेल तर उशिरा उठतो आणि हवा खातो. खर्जाला नराहून थोडी जास्त. बोटाने वाकवायचं नाही, पितळी चपट्या पट्टीने मुळाशी हळू.

खरवडताना जिभेखाली ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी). हत्यार: हॅक्सॉ ब्लेड घासून केलेली खरवडणी. रेघा नेहमी जिभेच्या लांबीच्या दिशेने. आडवी रेघ म्हणजे चिरेला आखून दिलेली वाट. सगळ्यात खालच्या खर्जांच्या टोकावर डागाचं वजन असतं. तिथे पितळाऐवजी डाग थोडा काढून सूर चढवता येतो.

तपासणी प्रत्येक वेळी सूर पेटीत बसवून, वाजवायच्या दाबावर. तोंडाने फुंकून मीटर पाहणारे बरेच असतात. दाब वाढला की मोकळ्या जिभेचा सूर किंचित उतरतो, त्यामुळे हातातला बरोबर सूर पेटीत चुकतो.

नर मीटरवर, खर्ज कानाने. खर्ज आणि नर एकत्र धरून त्यांच्यातली लाट ऐकायची. दोन सेकंदांत एकापेक्षा कमी झाली की पुरे.

गाणारे कायम काळी चारमध्येच गाणार असतील तर गंधार, म्हणजे पांढरी एक, १४ सेंट उतरवून गोड करता येतो. मोह होतो. पण आता घरात वाजवणारे पांढरी एकमध्येही वाजवतात आणि तिथे तोच सूर षड्ज होतो. समान अंतरावरच ठेवलं.

बदललेल्या दोन सुरांपैकी खर्जातला छान मिसळला. नरातला किंचित पातळ बोलतो. त्याची जीभ अर्ध्या मिलिमीटरने अरुंद आहे, त्याहून जवळचा सूर साठ्यात नाही.

९ जानेवारी २०२६

पेटी मधले दिवस रोज वाजवत ठेवली. खरवडलेले सूर बसताना हलतात. नऊ सूर २ ते ५ सेंट सरकलेले, ते लावले. हवा २८ सेकंद. दाब ६८ कायम. एकही पट्टी न दाबता सगळ्या खुंट्या उघडून भाता मारला: शांत.

१७ जानेवारी

पेटी दिली. सोबत कागद, तोंडीही सांगितलं:

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं वाजवावी, पावसाळ्यात दोनदा. भाता मिटताना एक खुंटी उघडी ठेवून पट्टी दाबावी, नाहीतर कोंडलेली हवा कोपऱ्यांवर जाते. जमिनीवर ठेवू नये. पेटाऱ्यात सिलिका जेल २०० ग्रॅम, रंग बदलला की मंद तव्यावर वाळवावं, पेटीजवळ नव्हे. डांबरगोळ्या नकोत, लवंगेची पुरचुंडी चालेल. पट्टी अडकली तर खोबरेल तेल सोडू नये. तेल कातड्यात उतरतं आणि मग धूळ धरतं. पावसात पट्टी अडकते ती बहुतेक लाकूड फुगून शेजारणीला घासते म्हणून. दसऱ्यापर्यंत थांबावं, तोवर सुटते. आरतीच्या वेळी पट्ट्यांवर पंचा टाकावा.

काढलेल्या वस्तू पिशवीत परत: दोन चिरलेले सूर क्रमांकासह, जुन्या स्प्रिंगा, रेक्झिनचा एक तुकडा आणि अक्षतेचा दाणा. पिशवीवर बदललेल्या सुरांच्या जागा लिहिल्या आहेत.

नरातला पातळ सूर बाकी. त्या रुंदीची जुनी जीभ मिळाली तर गणपतीआधी बोलवायचं. त्याच वेळी डावीकडची पाचर पाहायची.